तीनशे घोडे आणि चांगुणाबाईंचा पदर

मंडळी, ऐका! मनुष्यदेह मिळाला की तीन गोष्टींशी गाठ अटळ आहे — जन्म, मृत्यू आणि इंजिनाची निवड. असं शास्त्रात स्पष्ट लिहिलेलं आहे!

कुठल्या शास्त्रात?

शोरूममध्ये फुकट मिळतं, त्या! बत्तीस पानी. चकचकीत कागद. प्रत्येक पानावर एक गाडी, आणि गाडीला टेकून एक असा माणूस, ज्याला कुठेच जायची घाई नाही. जन्म आणि मृत्यू आपल्या हातात नाहीत, म्हणून त्यांच्यावर लोक गप्प असतात. इंजिन आपल्या हातात असतं, म्हणून घरात भांडणं!

तर आजचा प्रश्न. सोपा आहे. देवानं ज्याला जोर दिला, त्यानं तो वापरावा की वाचवावा? — अं? वाचवावा म्हणणारे हात वर करा. बघा! सगळी कर्ती पुरुष मंडळी. वापरावा? — सगळी पोरं. आणि बायका? बायकांनी हातच वर केला नाही. त्यांचं म्हणणं, जोर कुणाकडे आहे ते आधी आम्हाला विचारा!

पेटीवाले, सूर द्या जरा. दोन ओळी आहेत. माझ्याच आहेत, उगाच कुठल्या संताच्या माथी मारत नाही —

*घोडे तीनशे दारी उभे, लगाम दिला रे हाती ।*
*टाच मारेना स्वार बापुडा, दाणा मोजतो राती ॥*

दाणा मोजतो! अहो, घोडा पळवायचाच नाही, तर तो खातो किती हे मोजत बसायचं! असा एक स्वार आमच्या तालुक्यात होऊन गेला. होऊन गेला म्हणजे — आहे अजून, तब्येत उत्तम आहे. त्याचीच कथा सांगतो.

मौजे पांगरवाडीचे भागुजी सानप. एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर. लाल गाडी, तालुक्याचं आगार, रोजच्या चार फेऱ्या. आता तुम्ही म्हणाल, ड्रायव्हर पुष्कळ झाले, भागुजींत विशेष काय? विशेष असं, की आगारात एक काळा फळा असायचा. त्या फळ्यावर दर महिन्याला प्रत्येक ड्रायव्हरच्या नावापुढे खडूनं एक आकडा पडायचा — ॲव्हरेज! एका लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर गेली, तो आकडा. कुणाचा चार पूर्णांक सहा, कुणाचा चार पूर्णांक नऊ. ज्याचा कमी, त्याला साहेब आत बोलवायचे. ज्याचा जास्त, त्याला साहेब बाहेर येऊन भेटायचे. आणि सगळ्यात वरती, एकोणीस वर्षं, एकच नाव! भागुजी सानप. पाच पूर्णांक बेचाळीस!

पाच पूर्णांक बेचाळीस, मंडळी! हसू नका. तिसऱ्या मजल्यावर पाण्याचा हंडा नेताना थेंब सांडू नये, तशी ही साधना आहे. चढ येण्याच्या आधी अर्धा किलोमीटर मनाची तयारी. उतार दिसला की पाय वर. ब्रेक म्हणजे पाप, कारण ब्रेक लावला की घेतलेला वेग फुकट गेला! ॲक्सिलरेटरवर पाय कसा ठेवायचा? तर झोपलेल्या लेकराच्या पाठीवर हात ठेवतात, तसा. जागं होता कामा नये!

दरवर्षी इंधन बचतीच्या पंधरवड्यात भागुजींचा सत्कार व्हायचा. शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ. घरात एकोणीस घड्याळं झाली — आणि माणूस एकतीस वर्षांत एकदाही वेळेवर पोचला नाही!

कारण जोरात चालवणं ठाऊकच नाही. जीप पुढे जायची, टेम्पो पुढे जायचे, उसाचे ट्रॅक्टर पुढे जायचे. एकदा बसमध्ये नवरदेव होता. वडगावच्या फाट्यावर तो म्हणाला, "ड्रायव्हर साहेब, मी उतरून पुढं होतो, वऱ्हाड तुम्ही घेऊन या." लोक त्या गाडीला 'सानपांची पालखी' म्हणायचे. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत जाऊन विचारायचे, "पालखी निघाली का हो?"

आणि या पालखीत, ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या बाकावर, दर सोमवारी बाजाराला जाणारी एक बाई बसायची. त्या चांगुणाबाई. भागुजींची बायको.

आता इथे नीट लक्ष द्या. मागचे लोक, चहा घ्या, पण कप वाजवू नका.

चांगुणाबाईंचं लग्न झालं, तेव्हा मामाची उघडी जीप होती. माहेराहून सासरी येताना मामानं जीप अशी सोडली, अशी सोडली, की नव्या नवरीच्या डोक्यावरचा पदर वाऱ्यानं मागे उडाला! चांगला हातभर. आणि ती सतरा वर्षांची पोर मोठ्यानं हसली. बास. घरी आल्यावर सासूबाई बोलल्या, थोरल्या जाऊबाई बोलल्या, शेजारच्यांना बोलायला सवड नव्हती तरी त्यांनी वेळ काढला. आयुष्यात तेवढा एकदा पदर उडाला. पुढे सगळी पालखी!

कधीतरी बसमध्ये मागून त्या हळूच म्हणायच्या, "अवो, रस्ता मोकळाय. एकदा जोरात घ्या की."

भागुजी पुढे बघत उत्तर द्यायचे, "ॲव्हरेज पडंल."

एकतीस वर्षं, मंडळी! बाई म्हणायची जोरात घ्या, आणि बुवा म्हणायचा ॲव्हरेज पडंल. इतर घरांत नवरा-बायकोत काही वेगळं संभाषण होतं, असा माझा दावा नाही.

पण माणूस आतून कोरडा नव्हता. निवृत्तीच्या दिवशी आगारात कार्यक्रम झाला. हार झाले, भाषणं झाली, विसावं घड्याळ देता देता साहेबांनी ते स्वतःच्या मुलीच्या लग्नात आलेलं आहे हे झाकायचा प्रयत्न केला. मग भागुजींना म्हणाले, "दोन शब्द बोला." भागुजींनी माईक धरला, दोन्ही हातांनी, स्टिअरिंग धरतात तसा. म्हणाले —

"एकतीस वर्षं मी डिझेल वाचवलं. आता मला एकदा हिचा पदर उडवायचाय."

टाळी नाही! अध्यक्षांनी खाली बघितलं. साहेब खोकले. पण पहिल्या रांगेत चांगुणाबाई ताठ बसल्या. शब्द दिला गेला होता, आणि तो माईकवर दिला गेला होता. माईकवर दिलेला शब्द पुढाऱ्याला मोडता येतो. ड्रायव्हरला नाही!

आता योग असा, की नव्या महामार्गाला त्यांची माळावरची जमीन गेली होती. रस्त्यानं जमीन घेतली, रस्त्यानं पैसे दिले, आणि भागुजींनी ठरवलं — हे पैसे रस्त्यावरच घालायचे. पोरं म्हणाली, "आप्पा, सात सीटची घ्या." भाऊबंद म्हणाले, "प्लॉट घ्या." भागुजी म्हणाले, "टप उघडणारी घ्यायचीय. दोन सीटची. पळणारी." भाऊबंदांना वाटलं, जमिनीबरोबर डोकंही संपादनात गेलं!

निघाले तिघं शहरातल्या शोरूमला. भागुजी, चांगुणाबाई, आणि तिसरे पोपटराव आव्हाड. हे कोण? तर भागुजींच्या गाडीवर बावीस वर्षं असलेले कंडक्टर. आता लग्न कुणाचं, घर कुणाचं, पण कंडक्टरशिवाय भागुजी निर्णय घ्यायचे नाहीत. सवय!

शोरूममध्ये थंडगार हवा. पांढरी फरशी. मध्यभागी लाल गाडी — बसकी, बिनटपाची, टकटक बघणारी. चांगुणाबाईंनी आधी चपला काढल्या. "मॅडम, चपला राहू द्या," म्हणत एक मुलगी पुढे आली. केतकी देवचक्के नाव. चुणचुणीत. तिनं तिघांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि ते बत्तीस पानी शास्त्र उघडलं.

"सर, ह्या मॉडेलमध्ये इंजिनाचे दोन ऑप्शन आहेत. हे दीड लिटरचं. एकशे पन्नास घोड्यांची ताकद, आणि ॲव्हरेज अठरा."

भागुजींचा चेहरा हलला नाही.

"आणि दुसरं हे तीन लिटरचं. सहा सिलिंडर. तीनशे घोडे! पण सर..." इथे पोरीनं आवाज उतरवला. घरातल्या आजाऱ्याबद्दल बोलतात ना, तसा. "आधीच सांगते सर, ॲव्हरेज फक्त आठ मिळतं."

भागुजी खुर्चीत पुढे सरकले. "किती?"

"आठ, सर. सॉरी."

"आठ?" भागुजींनी पोपटरावांकडे बघितलं. पोपटरावांनी भागुजींकडे बघितलं. "मॅडम," पोपटराव म्हणाले, "परत एकदा सांगा. यांना ऐकू द्या नीट."

"आठ."

मंडळी, त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं! ज्यानं पाच पूर्णांक बेचाळीससाठी हाडाची काडं केली, उन्हाळ्यात पंखा लावला नाही, उतारावर श्वास रोखून धरला — त्याला समोर बसलेली मुलगी आठ देते, आणि वर माफी मागते!

"आणि ते अठरावालं?" चांगुणाबाईंनी विचारलं.

भागुजी त्यांच्या कानाशी लागले. "खोटं बोलू ऱ्हायली पोरगी. अठरा काय असतंय? अठरा तर आमच्या साहेबाच्या बापानं बघितलं नसंल. ज्या इंजिनाबद्दल खोटं सांगावं लागतं, ते दारात आणायचं नाही!"

झाला निर्णय! लोक वर्ष वर्ष तुलना करतात, तक्ते मांडतात, मेव्हण्याला विचारतात. इथे कमी ॲव्हरेजवालं इंजिन जास्त ॲव्हरेज देतं म्हणून पसंत पडलं! आता हसताय. पण तुम्ही जावई कसा निवडलात? एकानं खरं सांगितलं ते आवडलं नाही, आणि दुसऱ्यानं... जाऊ द्या. विहीणबाई मंडपात आहेत.

मग केतकी म्हणाली, "सर, ट्रायल घ्या." भागुजी गाडीत बसले. शेजारी ती. पट्टे लावले, इंजिन चालू झालं. आणि गाडी जागेवर! एक मिनिट झालं. दोन झाली.

"सर, निघू या."

भागुजी सरळ समोर बघत बसलेले.

"सर, काही प्रॉब्लेम?"

तेव्हा फुटपाथवरून पोपटराव पुढे आले आणि गाडीच्या पाठीवर बोटानं दोन टकटक दिल्या. टण — टण! गाडी निघाली! अहो, डबल बेल झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे त्या माणसाच्या रक्तात. केतकीला वाटलं, हा काही धार्मिक विधी असेल.

चक्कर मारून भागुजी परतले ते प्रसन्न. "मोठं इंजिन," म्हणाले. "लिहा."

पण मंडळी, शुभ कार्यात विघ्न कोण आणतं? शत्रू नाही आणत. शत्रूला वेळ नसतो. जवळचा माणूस आणतो! पोपटराव खांद्याला पिशवी लावून बोटं मोडत उभे. "भागुजी, एक बोलू का?"

"बोला."

"पाच बेचाळीस पडत होतं तेव्हा गाडीत पन्नास माणूस होतं. उभं धरून सत्तर. हिला आठ पडंल, पण माणसं किती? दोन."

भागुजींनी पेन हातात फिरवलं.

"म्हंजे सीटमागं बघितलं तर..."

"बास, पोपटराव."

"नाही, मी आपलं सीटमागं बोलू ऱ्हायलो. एवढ्या आठात तुम्ही दोघंच. पाप नाही का? निदान लहान इंजिन घ्या."

झालं! कंडक्टर माणूस, जगाकडे सीटमागं बघणार. भागुजींनी पेन खाली ठेवलं. चेहरा असा, की डेपोत गाडी धुताना खाली तेलाचा थेंब दिसावा. "खरंय," म्हणाले. "दोन माणसांसाठी तीनशे घोडे. शोभत नाही." त्यांनी केतकीला म्हटलं, "मॅडम, अठरावालं दाखवा. खोटं का असंना."

तेव्हा बोलल्या चांगुणाबाई. आतापर्यंत चपला हातात धरून बसल्या होत्या. त्या चपला त्यांनी फरशीवर ठेवल्या, पायात घातल्या, उठल्या.

"पोपटभावजी, तुमचं बरोबर हाये. पन्नासात मी एकतीस वर्षं बसले. तुम्ही माझं तिकीट फाडत होते. आता मला दोघात बसायचंय."

पोपटरावांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. याला म्हणतात उत्तर!

भागुजींनी पेन उचललं. तीन लिटर. सहा सिलिंडर. तीनशे घोडे. सही!

आता कथा संपली असं वाटतं का? नाही! गाडी घरी आली, खरी परीक्षा तिथे सुरू झाली. माया, मंडळी, माया! माया कुठे बसते? कुणी म्हणतं धनात, कुणी म्हणतं देहात. मी सांगतो — त्या गाडीत माया काचेच्या पट्टीवर बसली होती! स्टिअरिंगच्या मागे एक छोटा निळा आकडा. त्या क्षणाला गाडी किती ॲव्हरेज देते, तो आकडा! पाय दाबला की खाली, पाय उचलला की वर. आगारात फळ्यावर महिन्यातून एकदा दिसायचा, तो आता डोळ्यांसमोर, क्षणोक्षणी! अहो, दारुड्याच्या घरासमोर दुकान उघडलं तर काय होईल?

पहिल्या रविवारी सकाळी दोघं महामार्गावर निघाली. टप उघडा. चांगुणाबाईंनी लग्नातला शालू नाही, पण त्याच्या खालोखालचं जांभळं लुगडं नेसलं होतं. पदर डोक्यावरून. रस्ता आरशासारखा. आणि भागुजींनी गाडी सोडली — पस्तीसवर! पुढे चाळीस. चाळीसला सहावा गिअर!

"जोरात घ्या की," चांगुणाबाई म्हणाल्या.

भागुजींनी पाय दाबला. आकडा चौदावरून अकरावर आला. पाय आपोआप वर. आकडा पुन्हा चौदा. "आता बरं वाटतंय," म्हणाले.

"कुणाला?"

शेजारून बकऱ्यांचा टेम्पो पुढे गेला. बकऱ्यांनी मागे वळून बघितलं. मंडळी, लाखो रुपयांची गाडी, तीनशे घोडे आत बांधलेले, आणि बकऱ्या तिच्याकडे दयेनं बघतायत! शिवाय पट्टा असा आवळलेला, की पदर त्याच्याखाली दाबलेला. उडणार काय, कपाळ! वारं आलं, पदराला विचारून गेलं.

असे तीन रविवार! चौथ्या आठवड्यात गाडी सर्व्हिसिंगला नेली. मेकॅनिकनं यंत्र जोडलं आणि तो केतकीला बोलवायला धावला. केतकी आली, बघते तर काय? तीन लिटरच्या इंजिनाचं ॲव्हरेज — पंधरा पूर्णांक तीन!

"सर, हे कसं शक्य आहे? कंपनीत आठच्या वर कुणी गेलेलं नाही. आमचे इंजिनिअर विचारतायत, तुम्ही गाडी ढकलत नेता का?"

भागुजींची छाती फुगली. घरी आले ते फुलून. दारातूनच म्हणाले, "ऐकलं का! पंधरा तीन! शोरूमवाले सत्कार करणारेत!"

चांगुणाबाईंनी ताट वाढलं. भाकरी वाढली. डाळ वाढली. ठेचा वाढला नाही! आता ज्यांना संसार ठाऊक आहे, त्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको. ज्यांना ठाऊक नाही, त्यांचं लग्न व्हायचंय, त्यांनी लिहून ठेवा: भाकरी आली आणि ठेचा आला नाही, की समजावं, खटला उभा राहिला.

भागुजी दोन घास जेवले. "ठेचा संपला का?"

"नाही."

तिसरा घास. "काय झालं?"

चांगुणाबाई समोर बसल्या. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं! "एक विचारू? तुम्ही मला फिरवायला गाडी आणली, का परत ड्यूटीवर गेले?"

भागुजींनी घास खाली ठेवला.

"साहेब नाही. आगार नाही. फळा नाही. तुम्ही कुणाचं डिझेल वाचवू ऱ्हायले? लोकांपुढं माईकवर बोलले होते तुम्ही. मी तवा ताठ बसले होते. आता मला पाटलांच्या सुना विचारतात, काकी, पदर उडाला का? काय सांगू? पंधरा तीन सांगू?"

पेटीवाले, इथे सूर नको. राहू द्या.

भागुजी उठले. हात धुतला. बाहेर गेले आणि गाडीत जाऊन बसले. काय करत होते? उजवा पाय! उभ्या गाडीत, इंजिन बंद, उजवा पाय दाबायचा, सोडायचा. दाबायचा, सोडायचा. साठ वर्षांचा माणूस तालमीतल्या पोरासारखा पायाला घाम काढत होता! एकदाही पाय पूर्ण खाली गेला नाही. जमिनीच्या दोन बोटं आधी आपोआप थांबायचा. तिथे जणू कुणी झोपलेलं होतं.

पण त्यांनी सोडलं नाही. चार दिवस, रोज संध्याकाळी, अर्धा तास. शेजारी विचारायचे, "भागुजी, गाडी चालू होत नाही का?" ते म्हणायचे, "गाडी चालू हाये. मी शिकू ऱ्हायलो."

हे वाक्य ऐका, मंडळी! एकोणीस वर्षं फळ्यावर पहिला असलेला माणूस म्हणतो, मी शिकू ऱ्हायलो! आपण एक परीक्षा पास होतो, आणि पुढची चाळीस वर्षं शिकवत बसतो.

रविवार उजाडला. भागुजींनी गाडी पुसली. चांगुणाबाई बाहेर आल्या त्या तयारीनिशी. पदर पट्ट्याखालून मोकळा काढलेला, खांद्यावर मोठी पिन, आणि पिनेच्या वर हातभर पदर डोक्यावर सुटा! चाकाकडे जाणार नाही इतका आखूड, उडेल इतका लांब. बाईनं चार दिवस हेच मोजलं होतं. एक पाय कमवत होता, दुसरी पदर मापत होती. याला सहजीवन म्हणतात!

महामार्गावर आले. मोकळा रस्ता. गाडी चाळीसवर. भागुजींनी दातावर दात धरले, पाय दाबला. निळा आकडा — चौदा. अकरा. नऊ. सात...

"बघू नका तिकडं," चांगुणाबाई म्हणाल्या.

"दिसतंय तर काय करू! एकतीस वर्षं तेच बघितलं."

पाय वर यायला लागला. आकडा आठ. नऊ. चांगुणाबाईंनी बघितलं. त्यांनी कपाळावरची टिकली काढली, आपली साधी लाल, गोल. हात पुढे केला, आणि बरोब्बर त्या निळ्या आकड्यावर चिकटवली!

झाकला गेला! माया झाकली गेली!

"मला आता काही दिसत नाही," भागुजी म्हणाले.

"मलाबी कधी दिसलं नवतं. मी बसलेच की गाडीत!"

भागुजींनी दोन गिअर खाली आणले. आणि पाय टाकला. झोपलेल्या लेकराच्या पाठीवर नाही — जमिनीवर! जमिनीपर्यंत! सहाच्या सहा सिलिंडरांनी जन्मात पहिल्यांदा तोंड उघडलं. असा आवाज! रस्त्याकडेची टिटवी ओरडायची विसरली! पाठ सीटला चिकटली, काटा सरकला, वारं आलं — आणि पदर गेला! डोक्यावरून मागे, हातभर, जांभळा, फडफडत!

"अवो, डोकं उघडं पडलं माझं!"

"पडू द्या!"

"लोक बघतील!"

"कोण बघतंय? मागं पडले सगळे!"

आणि त्या हसल्या. मोठ्यानं. सासूबाई नव्हत्या, जाऊबाई नव्हत्या. मग त्यांनी भागुजींच्या हातावर हात ठेवला. "बास," म्हणाल्या. "झालं माझं."

भागुजींनी पाय उचलला.

आता, मंडळी, माझ्याकडे बघा. झोपलेल्यांना उठवा. ही कथा भागुजींची म्हणून मनोरंजन वाटलं. आता तुमची सांगतो. इंजिन लहान घ्यावं की मोठं, हे मला विचारू नका. मी कीर्तनकार आहे, मला सायकलची चेन बसवता येत नाही. पण एवढं कळतं, की इंजिन विकत मिळतं आणि पाय मिळत नाही! जोर बाजारात आहे. तो टाकायचा निश्चय घरून न्यावा लागतो.

तुमच्या डोळ्यांसमोर कोणता आकडा लावून बसला आहात? ते तिसऱ्या रांगेतले काका — मुलगी म्हणते मला पोहायला शिकायचंय, काका म्हणतात, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी पाणी जास्त ओलं होणार आहे का? आणि तुम्ही ताई, खांबाजवळच्या. चांगल्या साड्या कपाटात. कुणासाठी? कपाटाच्या लग्नासाठी? गळा देवानं दिलाय, तर भजनात ओठ हलवता, आवाज वाचवता! कुठे नेणार तो वाचवलेला आवाज? तिथे वरती कुणी फळा लावून बसलेलं नाही! आयुष्य संपल्यावर कुणी विचारणार नाही, बाबा रे, किती शिल्लक आणलंस? तो एवढंच विचारील — तुझ्याजवळ बसलेल्या माणसानं तुझ्याकडे काय मागितलं होतं? आणि तू त्याला काय उत्तर देत होतास?

म्हणून आज घरी गेल्यावर एक काम करायचं. उद्या नाही, आज. मागच्या बाकावरून कोण, किती वर्षं, काय मागतंय, ते आठवायचं. आठवत नसेल तर विचारायचं. विचारायला लाज वाटत असेल, तर ताटात ठेचा आला का, तेवढं बघायचं. आणि आकड्यावर टिकली लावून पाय टाकायचा! हात जोडा, नाम घ्या. मोठ्यानं! वाचवू नका!

काय हो? कोण बोललं मागून? — पुन्हा विचारा. — पदर उडाला तेव्हा वेग किती होता?

भागुजींनी काटा बघितला होता. बहात्तर. दीड लिटरवालं इंजिन दोनशेपर्यंत जातं. आणि त्यांची एसटीची लाल गाडीसुद्धा ऐंशी जायची.